दिवा आमचा, पण बल्ब कुठला लावताय?

आठवड्यातून दोन-तीन तरी फोन असे येतात, "ताई, फोटोत दिवा किती छान दिसत होता, घरी लावला तर फिकाच वाटतोय, तांब्याचा आहे ना नक्की?" तांब्याचाच आहे. मग मी विचारते बल्ब कुठला लावलाय, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "घरात होता तोच, पांढरा." म्हणून हा कागद आता प्रत्येक दिव्याच्या खोक्यात टाकतोय. इलेक्ट्रिशियनला बोलवायच्या आधी एकदा वाचा.

तांब्याचा लालसर रंग येतो कशामुळे, तर तांबं प्रकाशातला निळा भाग बराचसा गिळून टाकतं आणि लाल-पिवळा परत फेकतं. आपल्याकडे घरोघरी जो पांढराशुभ्र बल्ब असतो, खोक्यावर कूल डेलाइट आणि ६५०० केल्विन लिहिलेला (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर), त्याच्यात निळाच जास्त आणि लाल कमी. म्हणजे तांब्याला जे परत द्यायचंय तेच त्याला कमी मिळतं, मग शेड मळकट, तपकिरी दिसते. तुम्हाला पाहिजे वॉर्म व्हाइट, २७०० केल्विन, फार तर ३०००. जुना तारेचा पिवळा बल्ब साधारण २७०० चाच होता, म्हणून आजीच्या घरातली तांब्या-पितळेची भांडी संध्याकाळी तशी दिसायची. विश्वास बसत नसेल तर रात्री ट्यूब बंद करा, समई लावा आणि शेड तिच्या उजेडात, थोडी लांबच धरून बघा. लगेच कळेल.

खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा असेल तर तोही बघा, ९० किंवा वर असला तर उत्तम. सूर्यप्रकाश १०० धरतात, स्वस्त एलईडी ८० च्या आसपास असतात आणि त्यांच्यात नेमका लाल रंगच कमी पडतो. वॉटच्या मागे मात्र लागू नका. जुन्या ६० वॉटच्या बल्बइतका उजेड ८-९ वॉटच्या एलईडीत मिळतो आणि जेवणाच्या टेबलावर त्याहून जास्त लागत नाही. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण बसवलेलं असेल तर डिमेबल लिहिलेलाच बल्ब घ्या, साधा लावला की फडफडतो आणि फोन येतो की वायरिंग खराब आहे. वायरिंग धाकटा भाऊ स्वतः करतो आणि प्रत्येक दिवा आठ तास पेटता ठेवून मगच पॅक करतो.

या एका बल्बपायी किती वेळ जातो ते सांगते. मागच्या दिवाळीआधी नागपूरच्या एका ताईंनी तीन दिवे परत पाठवले, रंग वेगळा आला म्हणून. आम्ही इथे टांगले, बरोबर बल्ब लावला, फोटो पाठवला, त्या म्हणाल्या अहो हेच तर पाहिजे होतं. तोपर्यंत येताना एका शेडला पोचा पडलेला, ती शेड बाबांनी परत तापवून मऊ केली आणि पूर्ण पुन्हा मठारली, म्हणजे हातोड्याने ओळीने ठोके देऊन घेतली, कारण पोचा नुसता आतून ठोकून काढला तर मठार तुटलेली दिसते आणि ते बाबांना चालत नाही. दोन आठवडे गेले, ताईंची लक्ष्मीपूजनाची रात्र दिव्यांशिवाय गेली, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. म्हणून आता बल्ब आम्हीच देतो. काही जण म्हणतात बल्ब नको, तेवढे पैसे कमी करा. ते आम्ही करत नाही, कारण शेड डिझाइन करताना वहिनी तोच बल्ब लावून बघत असते, कड किती आत वळवायची, बल्ब किती खोल ठेवायचा, सगळं त्याच्यावर ठरतं.

आम्ही कसबा पेठेतल्या तांबट आळीतले. तांबट मंडळी पेशव्यांच्या काळात कोकणातून पुण्यात आली, आमच्या घरात बंब, घंगाळं, हंडे व्हायचे. गीझर आणि स्टील आल्यावर ती मागणी आटली, पण हात तेच आहेत. मठारकाम म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने पत्र्यावर ओळीने एकेक ठोका, त्याने पत्रा कडक होतो आणि प्रत्येक ठोक्याचा एक छोटा आरसा होतो. दुधी बल्ब लावलात तर उजेड सारखा पसरतो, जेवणाच्या टेबलावर तोच बरा, डोळ्यात जात नाही. पॅसेजमधे किंवा कोपऱ्यात पारदर्शक फिलामेंटवाला लावा, शेडच्या आत मठार चमचमते. हे काम हातचं असल्यामुळे दोन दिवे हुबेहूब होत नाहीत, आणि ऑर्डरनंतर तीन आठवडे लागतात ते याच कारणाने.

अभ्यासाला, शिवणकामाला पांढराच उजेड पाहिजे असेल तर तसं आधी सांगा, आतून कलई केलेली शेड देतो. कलई चंदेरी असते, उजेडाचा रंग फारसा बदलत नाही आणि खाली उजेडही जास्त पडतो. बाहेरून तांबं तसंच राहतं. थोडी किंमत वाढते, पण टेबललॅम्पसाठी मी स्वतः हीच घ्या म्हणेन.

टांगताना शेडची खालची कड टेबलापासून साधारण ३० इंच वर ठेवा. तांब्यातून उजेड आरपार जात नाही, तो खालीच पडतो, एका दिव्यात हॉल उजळेल असं धरू नका, आणि त्याला ट्यूबपेक्षा वेगळं बटण द्या, ट्यूब चालू असली की कुठलाही बल्ब लावा, तांबं फिकंच दिसणार.

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर लावू नका, वर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा थर असतो तो निघतो आणि मग डाग पडतात. कोरडं सुती फडकं पुरे.

रंगाची शंका आली तर दिवा पाठवायच्या आधी बल्बच्या खोक्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, त्याच दिवशी उत्तर देते. शक्य असेल तर संध्याकाळी सातनंतर वर्कशॉपला या, तेव्हा ट्यूब बंद करून सगळे दिवे लावलेले असतात. माळ्यावर आजीचं घंगाळ किंवा हंडा पडून असेल तर तेही घेऊन या, भोक न पाडता त्याचा दिवा करता येतो का ते बाबा हातात घेऊन सांगतात.