तांदूळ : उत्पादन आणि उपभोग यांची देशनिहाय तुलना

तांदूळ हे जगातील निम्म्या लोकसंख्येचे मुख्य अन्न असून, ते बहुतांशी जिथे पिकते तिथेच खाल्ले जाते. जगातील सुमारे ९० टक्के तांदूळ आशियात पिकतो आणि त्यातही भारत व चीन या दोन देशांचा एकत्रित वाटा जगाच्या निम्म्याहून अधिक भरतो.

देशांची तुलना करताना आधी माप पाहावे लागते. काही आकडे टरफलासह असलेल्या साळीचे, तर काही भरडलेल्या तांदळाचे असतात. १०० किलो साळीतून साधारण ६५ ते ७० किलोच तांदूळ निघत असल्याने दोन्हींची सरमिसळ झाली की तुलना फसते.

हेक्टरी उताऱ्यात ऑस्ट्रेलिया व इजिप्त हे देश आघाडीवर आहेत, कारण तेथे भरपूर ऊन आणि हमखास सिंचन यांची जोड मिळते. थायलंडचा उतारा मात्र हेक्टरी सुमारे तीन टनच आहे. तेथील बरीच शेती पावसावर अवलंबून असून सुवासिक पण कमी उताऱ्याचे वाणही मोठ्या प्रमाणावर लावले जातात. तरीही थायलंड अनेक दशके आघाडीचा निर्यातदार राहिला आहे. निर्यात ठरते ती उताऱ्यावरून नव्हे, तर देशाची गरज भागल्यावर उरणाऱ्या शिलकीवरून. म्हणूनच मोठे उत्पादक असूनही इंडोनेशिया व बांगलादेश यांना कित्येक वर्षी आयात करावी लागते.

उपभोगाची दिशाही सर्वत्र सारखी नाही. जपानमध्ये १९६२ साली दरडोई सुमारे ११८ किलो तांदूळ खपत असे. आता तो निम्म्याहूनही कमी झाला आहे. पश्चिम आफ्रिकेत मात्र शहरे वाढली तशी मागणीही वाढत गेली. तेथे तांदूळ परका नाही, कारण आफ्रिकी भाताची स्वतंत्र जात याच प्रदेशात लागवडीखाली आली. परंतु आजची मागणी स्थानिक उत्पादनाने भागत नाही.

जागतिक उत्पादनाचा जेमतेम दहावा भाग देशांच्या सीमा ओलांडत असल्याने एका मोठ्या निर्यातदाराचा निर्णयही दूरवर झळ पोचवतो. २००७-०८ मध्ये भारत व व्हिएतनामने निर्यात रोखल्यावर जागतिक भाव काही महिन्यांत दुपटीहून अधिक वाढले. जुलै २०२३ मध्ये भारताने बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर घातलेली बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. अशा वेळी सर्वाधिक झळ फिलिपीन्ससारख्या आयातदारांना बसते. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० पासून याच देशात आहे आणि १९६६ साली तिने आयआर-८ हे अधिक उत्पादन देणारे वाण प्रसारित केले. पण विखुरलेली बेटे, वारंवार येणारी चक्रीवादळे, विस्तीर्ण नदीखोऱ्यांचा अभाव आणि वाढती लोकसंख्या यांमुळे फिलिपीन्सची गणना आजही सर्वांत मोठ्या आयातदारांत होते.