सीताबर्डीच्या लढाईची पार्श्वभूमी

बर्डीवरच्या किल्ल्याची टेकडी नागपूरकर रोज खालून पाहतात. मात्र २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी तेथे झालेली लढाई बहुतेकांना भोसले आणि इंग्रज यांच्यातील स्थानिक झुंज एवढीच ठाऊक असते. प्रत्यक्षात कंपनी सरकारने आखलेल्या एका प्रचंड मोहिमेतील ती एक घटना होती, आणि त्या आखणीमुळेच नागपुरात लढाईची संधी निर्माण झाली होती.

गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याचा जाहीर उद्देश माळव्यातील पेंढाऱ्यांचा बंदोबस्त हा होता. चितू, करीमखान आणि वासील महंमद यांच्या घोडेस्वार टोळ्या पाठलाग सुरू होताच पांगत असल्यामुळे त्याने चहूबाजूंनी कोंडी करण्याचा बेत केला. उत्तरेकडून तो स्वतः आणि दक्षिणेकडून सर टॉमस हिस्लॉप अशा दोन सैन्यांत मिळून सुमारे १ लाख २० हजार माणसे व ३०० तोफा होत्या. एवढा फौजफाटा केवळ लुटारूंसाठी होता असे मानणे भोळेपणाचे ठरेल, कारण त्याच्या धाकानेच दौलतराव शिंद्यांना ५ नोव्हेंबर रोजी ग्वाल्हेरच्या तहावर सही करावी लागली. त्याच दिवशी पेशव्यांची फौज खडकीला इंग्रजांवर चालून गेली.

नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी २७ मे १८१६ च्या तहाने तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने पोसायची इंग्रजांची फौज, पत्करली होती. कोंडीच्या बेतानुसार ती लेफ्टनंट कर्नल ॲडम्सच्या हाताखाली नर्मदाकाठी होशंगाबादला गेली, आणि जनरल डोव्हटनची फौज वऱ्हाडात होती. त्यामुळे नागपूर दरबारातील इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) जेन्किन्स याच्याजवळ दीड हजारांपेक्षाही कमी शिपाई उरले. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे उघड दरबारात स्वीकारली, तेव्हा त्यांच्याकडे अनेक पटींनी मोठे सैन्य होते आणि त्यात कडवे अरब भाडोत्री शिपाईही होते.

सीताबर्डीला लहान-मोठ्या दोन टेकड्या असून लहान टेकडी शहराच्या बाजूला आहे. रात्रभर गोळीबार चालल्यानंतर सकाळी अरबांनी ती जिंकली आणि तेथून मोठ्या टेकडीवर तोफा डागल्या. लढाई जवळजवळ हातची जात असताना कॅप्टन फिट्झजेराल्डने बंगाल घोडदळाच्या थोड्या स्वारांनिशी खालच्या मैदानात मुसंडी मारून भोसल्यांच्या तोफा काबीज केल्या. त्याच सुमारास लहान टेकडीवर अरबांमध्ये दारूचा स्फोट झाला आणि त्या गोंधळात इंग्रजांच्या शिपायांनी ती परत घेतली. दुपारपर्यंत भोसल्यांची फौज मागे हटली. माझ्या मते या पराभवात दारूच्या स्फोटापेक्षा आप्पासाहेबांच्या धरसोडीचा वाटा मोठा होता. दरबारात वस्त्रे घेऊन जेन्किन्सला सावध केल्यावर त्यांनी दोन मोलाचे दिवस वाया घालवले.

१२ डिसेंबरला डोव्हटन नागपूरला पोचल्यावर पारडे पुरते फिरले. आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि १६ डिसेंबरला सक्करदऱ्याजवळ त्यांच्या फौजेचा मोड झाला. तरीही शहरातील अरबांनी महाल सोडला नाही. जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, २४ डिसेंबरला इंग्रजांनी केलेला हल्ला त्यांनी परतवला आणि अखेर ३० डिसेंबरला वाटाघाटींनंतरच ते शहराबाहेर पडले.