मायग्रेन आणि मन: एका जुन्या गुंत्याची पार्श्वभूमी

मुंबईतल्या मराठी घरांत मायग्रेनला पुष्कळदा मायग्रेन म्हणतच नाहीत. 'पित्त झालंय' म्हणतात. अर्धं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, मळमळतं आणि उलटी झाली की जरा हलकं वाटतं, त्यामुळे दोष पित्ताचाच हे घरात आपोआप ठरून जातं. मग कोकम सरबत, मोरावळा, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी, कपाळाला सुंठीचा लेप, डोक्याला ओढणी घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून पडणं. घरोघरी पोचलेला अमृतांजन बाम १८९३ साली याच शहरात जन्माला आला. डोकेदुखीवरचे आपले उपाय असे जुने आणि हाताशी असलेले आहेत.

त्याच घरांत आणखी एक वाक्य हमखास कानावर येतं: 'टेन्शन घेतेस म्हणून दुखतं.' सासू म्हणते, नवरा म्हणतो, कधीकधी डॉक्टरही म्हणतात. ऐकणारी गप्प बसते, कारण टेन्शन असतंच. मायग्रेन असलेल्यांमध्ये चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं हे आज निर्विवाद आहे. पण यातलं आधी काय, नंतर काय आणि दोष कुणाचा, या प्रश्नांची उत्तरं काळाप्रमाणे बदलत गेली, आणि त्यातल्या काही उत्तरांनी रुग्णांचं, त्यातही बायकांचं, फार नुकसान केलं.

सुश्रुतसंहितेत डोक्याच्या अकरा विकारांत अर्धावभेदक येतो. अर्ध्या डोक्यात टोचल्यासारखी, फुटल्यासारखी वेदना, भोवळ, आणि हे सगळं दहा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा अकस्मात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सतराव्या अध्यायात, शिरोरोगांच्या कारणांची यादी आहे, ती मुंबईत राहणाऱ्याने सावकाश वाचावी अशी आहे. रात्रीचं जागरण, मोठ्याने बोलणं, न मानवणारा वास, धूळ, धूर, ऊन, आभाळ भरून येणं. आणि त्याच ओघात, वेगळा कप्पा न करता, रडणं, अश्रू दाबून धरणं आणि मनस्ताप. डोकं दुखायला धूर जितका कारण तितकाच मनस्ताप, आणि दोन्ही सांगताना स्वर तोच. यात रुग्णाच्या स्वभावावर कसलाही ठपका नाही. हा समतोल पुढे कित्येक शतकं हरवला, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवतो.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास कॅपाडोशियाचा अरेटियस हा ग्रीक वैद्य अर्ध्या डोक्याच्या दुखण्याविषयी लिहून गेला. हे रुग्ण उजेडापासून पळतात, अंधारात त्यांना बरं वाटतं, आणि ते जगण्याला इतके विटतात की मरण यावं म्हणतात, असं त्याने लिहिलं आहे. दुखणं आणि जगणं नकोसं होणं एकाच वर्णनात आलं, हे या विषयाच्या इतिहासात फार लवकर घडलं.

सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस विलिसने डोकेदुखीचं मूळ रक्तवाहिन्यांमध्ये शोधलं. १८७३ मध्ये एडवर्ड लिव्हिंगने मायग्रेनवर मोठा ग्रंथ लिहिला आणि हे मज्जासंस्थेत उठणारं वादळ आहे असं मांडलं. रक्तवाहिन्या की मज्जासंस्था, हा वाद पुढे शंभर वर्षं चालला. मन त्यात कडेला होतं.

ते मध्यभागी आलं न्यूयॉर्कच्या हॅरल्ड वुल्फमुळे. विसाव्या शतकातला डोकेदुखीचा हा सर्वांत मोठा संशोधक, स्वतःही मायग्रेनने त्रस्त. १९३७ मध्ये त्याने आपल्या रुग्णांच्या स्वभावावर एक लेख प्रसिद्ध केला. महत्त्वाकांक्षी, टापटिपीची, कामात चूक न खपवणारी, मनात राग साठवणारी, ताठर अशी माणसं मायग्रेनला बळी पडतात, असं त्याचं निरीक्षण होतं. यातून 'मायग्रेनचा स्वभाव' ही कल्पना रुजली. पुढच्याच वर्षी त्याने आणि जॉन ग्रॅहमने रक्तवाहिन्या आवळणारं अर्गोटामिन हे औषध दिल्यावर कानशिलाच्या धमनीचे ठोके मंदावतात आणि दुखणंही उतरतं हे दाखवलं. म्हणजे एकाच माणसाने एका हाताने आजाराला शरीरात घट्ट रोवलं आणि दुसऱ्या हाताने त्याची जबाबदारी रुग्णाच्या स्वभावावर टाकली. दवाखान्यांतून त्यातलं दुसरंच जास्त झिरपलं. 'तुम्ही फार विचार करता', 'सगळं मनाला लावून घेता' ही आपल्याकडची वाक्यं त्याच कल्पनेची सोयरी आहेत.

वुल्फच्या निरीक्षणात एक साधी अडचण होती. तो पाहत होता ते दवाखान्यात आलेले रुग्ण, सगळे रुग्ण नव्हेत. १९७१ मध्ये डब्ल्यू. ई. वॉटर्स या ब्रिटिश डॉक्टरने दवाखान्याबाहेर, वस्तीत जाऊन पाहणी केली. मायग्रेन हुशार आणि वरच्या वर्गातल्या लोकांना जास्त होतो असा तोवर समज होता. तसं काही आढळलं नाही. हुशार आणि सुस्थितीतले लोक डॉक्टरकडे जास्त जात होते, इतकंच. मला या विषयातलं हे सर्वांत मोलाचं वळण वाटतं. मुंबईला तर ते लगेच पटावं. धुणीभांडी करणारी बाई डोकं दुखतं म्हणून कामाचा खाडा करत नाही, अर्ध्या दिवसाचा पगार घालवून ओपीडीच्या रांगेत उभी राहत नाही. ती कुणाच्याच नोंदीत येत नाही. मग हा आजार ऑफिसात बसणाऱ्यांचा, नाजूक माणसांचा, असा समज पसरायला वेळ लागत नाही.

औषधांची गोष्ट वेगळ्याच दिशेने आली, आणि बरीचशी योगायोगाने. १९६१ मध्ये इटलीच्या फेडेरिको सिकुतेरी आणि त्याच्या सहकाऱ्यांना दिसलं की मायग्रेनच्या झटक्यात सेरोटोनिनचं विघटन होऊन तयार होणारं द्रव्य लघवीत वाढतं. मेंदूत निरोप पोचवणारा हा सेरोटोनिनचा रेणू नैराश्याच्या संशोधनातही त्या काळात पुढे येत होता. १९६६ मध्ये हृदयविकारासाठी प्रोप्रानोलॉल घेणाऱ्या एका रुग्णाचा मायग्रेन कमी झाल्याचं रॅबकिन आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं. आणि सत्तरच्या दशकात अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध मायग्रेनचे झटके टाळायला उपयोगी पडतं हे सिद्ध झालं. जेम्स काउच आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून पुढे आलं की हा गुण नैराश्य कमी होण्यावर अवलंबून नाही. ज्यांना नैराश्य नव्हतं त्यांचंही डोकं दुखायचं कमी झालं.

या एका निष्कर्षाची मुंबईतल्या कितीतरी घरांना आज गरज आहे. प्रसंग नेहमीचा आहे. न्यूरॉलॉजिस्टने रात्री झोपताना घ्यायला दहा मिलिग्रॅमची अमिट्रिप्टिलिन लिहून दिलेली असते. मेडिकलच्या काउंटरवरच मुलगी किंवा भाचा मोबाइलवर नाव टाकून पाहतो आणि म्हणतो, 'आई, ही तर डिप्रेशनची गोळी आहे.' घरी चर्चा होते, 'मला काय वेड लागलंय का' असा सवाल येतो, आणि स्ट्रिप फ्रिजवरच्या डब्यात पडून राहते. मायग्रेनसाठी हे औषध साधारण दहा ते पंचवीस मिलिग्रॅमपासून सुरू करतात, नैराश्यासाठीची मात्रा त्याच्या कितीतरी पट असते. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत तेवढीही मिळत नाहीत, हे मान्य. पण ती मिळायला हवीत असं मला कळकळीने वाटतं.

आधी काय आणि नंतर काय, या प्रश्नाला खरी दिशा मिळाली १९९०च्या सुमारास. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने आजाराचे निकष ठरवून दिले होते, त्यामुळे सगळे एकाच मापाने मोजू शकत होते. १९९० मध्ये कॅथलीन मेरिकांगास, ज्यूल्स आंग्स्ट आणि हान्सरुएडी इस्लर यांनी झुरिकमधल्या तरुणांच्या दीर्घ अभ्यासातून एक क्रम मांडला: पुष्कळांमध्ये आधी लहानपणापासूनची चिंता, मग मायग्रेन, मग नैराश्य. पुढच्या वर्षी नाओमी ब्रेस्लाउ या संशोधिकेने अमेरिकेतल्या डेट्रॉइट परिसरातल्या एकवीस ते तीस वयाच्या १,००७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच लोकांचा मागोवा घेतला. मायग्रेन असलेल्याला पुढे नैराश्य येण्याची शक्यता सुमारे तिप्पट, आणि नैराश्य असलेल्याला पुढे मायग्रेन सुरू होण्याची शक्यताही जवळपास तेवढीच. २००० साली त्यांच्याच गटाने दाखवलं की इतर तीव्र डोकेदुख्यांबाबत ही वाट एकाच बाजूने जाते: डोकेदुखीनंतर नैराश्य येऊ शकतं, उलट दिशेने मात्र संबंध दिसत नाही. मायग्रेनमध्येच तो दोन्हीकडून आहे.

हा निष्कर्ष शांतपणे समजून घ्यायला हवा. नुसत्या दुखण्याला कंटाळून माणूस खचत असता तर कुठल्याही जुनाट डोकेदुखीत हेच दिसलं असतं. नुसतं मनातलं डोक्यात उतरत असतं तर मायग्रेननंतर नैराश्य का वाढावं याचं उत्तर मिळालं नसतं. दोन्ही दिशा खुल्या आहेत याचा अर्थ मुळाशी काहीतरी सामाईक आहे. पुढे जनुकांच्या अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. २०१८ मध्ये मेंदूच्या अनेक विकारांची आनुवंशिकता एकत्र तपासणारा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, त्यात मायग्रेन आणि तीव्र नैराश्य यांच्या जनुकीय धोक्यात लक्षणीय समानता दिसली. सेरोटोनिनची यंत्रणा, तणावाला प्रतिसाद देणारी संप्रेरकं, झोपेचं चक्र, पाळीच्या आधी घसरणारं इस्ट्रोजेन, हे सगळे धागे दोन्ही आजारांना लागून जातात.

शिवाय रोजच्या जगण्यातली एक चिंता आहे, तिला कुठल्याही प्रयोगशाळेची गरज नाही. पुढचा झटका कधी येईल ही. मुलाची परीक्षा, घरचं लग्न, ऑडिटचा आठवडा, आणि मनात एकच धाकधूक: आता डोकं उठलं तर? मग लोक आमंत्रणं टाळतात, प्रवास टाळतात, दुखायच्या आधीच गोळी घेऊन ठेवतात. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनचा झटका थांबवायच्या खास गोळ्या) दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. भीतीपोटी घेतलेली गोळी आजार वाढवते. नैराश्य असेल तर अधूनमधून येणारा मायग्रेन महिन्याचे पंधरा आणि अधिक दिवस ठाण मांडून बसण्याचा धोकाही वाढतो.

मुंबईने या विषयात स्वतःची भरही घातली आहे. इथले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली, ज्यांचा मायग्रेन डोक्यावरून न्हाल्यावर उठत होता. पाश्चात्त्य यादीत हे कारण नव्हतं. आपल्याकडच्या बायकांना ते कुणी सांगावं लागत नाही. सकाळी केस धुऊन, ओले केस तसेच बांधून ८.२०ची लोकल पकडणारी कुणीही ते सांगेल. त्यात संकष्टीचा उपवास आणि रात्री उशिराचा चंद्रोदय जोडा. जेवणाची वेळ टळणं हे तर जगभर मान्य असलेलं कारण आहे. कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चारातल्या एकाला वर्षभरात मायग्रेन होऊन गेल्याचं आढळलं, आणि बायकांमध्ये प्रमाण जास्त होतं. मुंबईचं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

या शहराच्या इस्पितळांत डोकं आणि मन यांची दारं मात्र वेगळी राहिली. जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचं काम डॉ. के. के. मसानी यांनी १९३८ मध्ये सुरू केलं. तिथेच न्यूरॉलॉजीचा विभाग डॉ. नोशीर वाडिया यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस उभा केला. दोन्ही कामं थोर. पण आजही बहुतेक ठिकाणी रुग्णाच्या हातात दोन केसपेपर असतात, दोन रांगा असतात, आणि एका डॉक्टरने काय लिहिलं ते दुसऱ्याला रुग्ण सांगेल तेवढंच कळतं. याचे परिणाम प्रत्यक्ष आहेत. मायग्रेन रोखण्यासाठी आपल्याकडे खूप वापरलं जाणारं फ्लुनारिझिन काहींमध्ये नैराश्य आणू शकतं. टोपिरामेट या झटके टाळायच्या दुसऱ्या औषधाबाबतही मनःस्थितीवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे आधी नैराश्य येऊन गेलंय का, हा प्रश्न औषध लिहिण्यापूर्वी विचारायला हवा. उलट बाजूला, मानसोपचाराची गोळी चालू असलेल्याने मायग्रेनच्या डॉक्टरला ती दाखवायलाच हवी, लाज वाटली तरी. नैराश्यावरच्या काही गोळ्या आणि ट्रिप्टान एकत्र घेण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये इशारा दिला होता. नंतरच्या अनुभवात तो धोका फारच विरळ दिसला, तरी दोन्ही गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरला माहीत असणं गरजेचं आहे.

ब्रेस्लाउ यांच्या डेट्रॉइटमधल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदली गेली होती: डोळ्यांपुढे झगमगणारी नागमोडी रेघ, अंधारी अशा पूर्वखुणांसह मायग्रेन येणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न जास्त होते, नैराश्याचा भाग वेगळा काढल्यावरही. म्हणून 'आता नको वाटतंय सगळं' असं कुणी दुखण्याच्या भरात म्हणालं तर ते पित्तावर किंवा वैतागावर घालवू नये. २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.