ब्रुसेलोसिस (सांसर्गिक गर्भपात) आणि गुरांचे डॉक्टर

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरं यांच्यातून माणसात येणारा जिवाणूजन्य आजार. सहा-सात महिन्यांची गाभण गाय गाभडली आणि मागून वार अडकली (म्हणजे प्लासेंटा, काही भागात जार म्हणतात) की गुरांच्या डॉक्टरला पहिला डाउट याचाच येतो. माणसात चढउतार ताप, रात्री घाम, सांधेदुखी, म्हणून बऱ्याचदा टायफॉइड समजून औषधं चालू राहतात.

शोधाचं श्रेय कोणाला यावर मतं वेगळी आहेत. 1887 ला माल्टात डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जिवाणू वेगळा काढला आणि पुढे 1920 मध्ये जिवाणूला नाव त्याचंच मिळालं, पण ताप येतो कुठून हे पुढची 18 वर्षं कळलं नव्हतं, ते 1905 ला तिथल्याच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी शेळ्यांचं रक्त तपासल्यावर कळलं, आणि त्या शेळ्या दिसायला एकदम धडधाकट होत्या. प्रतिबंधाच्या बाजूने बघितलं तर झॅमिट यांचंच पारडं जड वाटतं, कारण 1906 ला सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि केसेस धडाधड उतरल्या. तिकडे डेन्मार्कचे गुरांचे डॉक्टर बर्नहार्ड बँग यांना 1897 मध्येच गाभडणाऱ्या गाईंमध्ये जिवाणू सापडला होता, तो आणि माल्टाचा एकाच घराण्यातले हे अमेरिकेच्या जिवाणूतज्ज्ञ अ‍ॅलिस इव्हान्स यांनी 1918 ला मांडलं, तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही, नंतर त्यांना स्वतःलाच हा ताप जडला.

आपल्याकडे माणसासाठी याची लस नाही, म्हणून सगळी भिस्त गोठ्यावर. एस-19 ही लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांनाच, तीही आयुष्यात एकदाच देतात (नरांना नाही). 2019 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकूतसोबत हीपण आली. तिचा मूळ जिवाणू 1923 ला अमेरिकेत जॉन बक या संशोधकांनी जर्सी गाईच्या दुधातून काढलेला, प्रयोगशाळेत वर्षभर साध्या तापमानालाच राहून गेला आणि मग मवाळ झालेला सापडला असं सांगतात. पण आहे ती जिवंत लस, कालवडीने झटका दिला आणि सुई डॉक्टरच्याच बोटात गेली तर ताप त्यालाच.

दुधाची तपासणी साधी आहे, ट्यूबमध्ये कच्चं दूध, त्यात रंगीत अँटिजेनचा (रंगवलेल्या मृत जिवाणूंचा) थेंब, थोडा वेळ गरम जागी ठेवायचं, वर आलेल्या सायीचं कडं निळं झालं तर संशय, मग रक्ताची तपासणी. संशय एकट्या गाईचा नसतो, कळपाचा असतो.

वार काढताना हात खांद्यापर्यंत आत जातो, लांब हातमोजे वापरायचेच असतात, पण पहाटे चारला गोठ्यात ते हाताशी असतातच असं नाही. गाभडलेलं वासरू नि वार चुना टाकून खोल पुरायचं, उकिरड्यावर टाकलं की कुत्री ओढून गावभर नेतात. दूध उकळून प्या हे पटतं सगळ्यांना, फक्त धारोष्ण दुधाचं कौतुक असलेल्या घरात आजोबांना ते कोण सांगणार. आणि पॉझिटिव्ह गाय वेगळी बांधा म्हणणं सोपं, दोन गाईंवर घर चालणारा माणूस ती पुढच्या बाजारात विकून मोकळा होतो आणि आजार दुसऱ्या गावच्या गोठ्यात पोचतो.