दुपारी कान दगा देतो, रात्री हायवे उशाशी येतो

रात्री लांबचा आवाज ऐकू येतो, कारण रात्री शांतता असते. हे उत्तर सगळ्यांना पटतं आणि ते अर्धंच खरं आहे. शांततेमुळे बारीक आवाज झाकला जात नाही, एवढंच. पण दीड किलोमीटरवरच्या ट्रकच्या टायरचा आवाज गावातल्या बाजेपर्यंत पोहोचतो, तो गावात कोणी बोलत नाही म्हणून नव्हे. त्याला तिथवर आणणारी हवा असते. हीच हवा भर दुपारी नेमकं उलटं काम करते आणि रस्ता ओलांडणाऱ्याच्या कानापासून गाडीचा आवाज दूर ठेवते. झोपमोड आणि अपघात या आपल्याकडच्या दोन वेगळ्या तक्रारी. दोन्हींच्या मुळाशी हवेची एकच करामत आहे आणि आज तीच नीट समजून घ्यायची आहे.

बडनेरा ते मूर्तिजापूर हा पट्टा डोळ्यांसमोर ठेवा. सुरत-नागपूर महामार्ग, पूर्वीचा 6 नंबर, आताचा 53. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला दरम्यान 75 किलोमीटर डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत सलग टाकून जागतिक विक्रम झाला, तो इथलाच. रस्ता चांगला झाला याचा आनंद आहेच. चांगल्या रस्त्यावर गाड्या पळणार, हेही ओघानं आलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. गाव एका अंगाला, वावर दुसऱ्या अंगाला. म्हणजे वेचणीला जाणाऱ्या बाया, ढोरं घेऊन जाणारे गुराखी, संध्याकाळी जागलीला निघालेला माणूस, सगळ्यांना दिवसातून निदान दोनदा हा रस्ता ओलांडायचा असतो. फाट्यावर गाडीखाली येता येता वाचलेल्या माणसाकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आवाजच नाई आला ना भाऊ, गाडी एकदम आंगावरच आली." आणि त्याच गावातली म्हातारी माणसं सांगतात, "रातच्याले हायवे उशालेच येते." दोघंही खरं बोलतात.

आता मुद्द्याकडे. हवेत आवाजाचा वेग ठरलेला नसतो, तो तापमानावर अवलंबून असतो. शून्य अंशाला सेकंदाला 331 मीटर आणि पुढे दर अंशामागे साधारण 0.6 मीटरची भर. म्हणजे 20 अंशाला 343, 40 अंशाला 355. गरम हवेत आवाज जोरात पळतो, थंड हवेत रेंगाळतो. फरक दिसायला किरकोळ आहे, पण सगळा खेळ त्याचाच आहे.

बंडीला जुंपलेल्या दोन बैलांपैकी उजवा भरभर चालला आणि डावा मागे रेंगाळला, तर बंडी डावीकडे वळते. कासरा ओढावा लागत नाही. ज्या बाजूचा बैल मंद, त्या बाजूला बंडी फिरते. आवाजाची लाटही अशीच पुढे सरकते. तिचा वरचा भाग आणि खालचा भाग वेगवेगळ्या तापमानाच्या हवेत असले, तर लाट मंद बाजूकडे, म्हणजे थंड हवेकडे वळते. आवाज नेहमी थंडाव्याकडे झुकतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं उलगडत जातं.

दुपार घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डांबराचं तापमान 60 अंशांच्या वर सहज जातं. डांबराला चिकटून असलेली हवा सगळ्यात गरम, हातभर वरची त्याहून कमी, माणसाच्या डोक्याइतकी उंच हवा आणखी कमी. थंड हवा वर आहे, म्हणून टायरचा आवाज रस्त्याला धरून सरळ यायच्या ऐवजी वर वळतो. काही अंतरानंतर तो तुमच्या डोक्यावरून निघून जातो आणि जमिनीलगत आवाजाची सावली पडते. या सावलीत उभ्या माणसाला गाडी डोळ्यांनी दिसते, पण तिचा आवाज 15-20 डेसिबलनं कमी होऊन येतो. वाऱ्याच्या घोंगावण्यात तेवढा आवाज हरवून जातो. लांबवर रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसतं ना, ते मृगजळ याच गरम थराची खूण आहे. प्रकाशही थंड, दाट हवेत मंद होतो आणि तिकडेच वळतो. त्यामुळे जिथं मृगजळ दिसतं, तिथं आवाजही वर उचलला जातोय असं समजावं.

ही सावली किती अंतरावर सुरू होते? थोडं गणित करू. जमिनीलगतच्या दोन मीटरांत दर मीटरला अर्धा अंश तापमान उतरतं असं धरा, कडक उन्हात हे अगदी शक्य आहे. मग आवाजाचा वेग दर मीटरला 0.3 मीटर प्रति सेकंदानं बदलतो. आवाजाचा मार्ग एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. त्याची त्रिज्या म्हणजे आवाजाचा वेग भागिले हा बदल: 350 भागिले 0.3, म्हणजे साधारण 1170 मीटर. उगम जमिनीपासून h उंचीवर असेल, तर सावलीपर्यंतचं अंतर दुप्पट त्रिज्या गुणिले h याच्या वर्गमुळाइतकं येतं, आणि ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीसाठी तेवढ्याच पद्धतीनं दुसरं अंतर त्यात मिळवायचं. टायरचा आवाज 30 सेंटिमीटरवर निघतो असं धरलं तर पहिलं अंतर 26 मीटर, कान दीड मीटरवर असेल तर दुसरं 59 मीटर. बेरीज 85 मीटर. वर्गमूळ डोक्यावरून गेलं असेल तर जाऊ द्या, 85 हा आकडा तेवढा धरून ठेवा.

कारण चौपदरी रस्त्यावर कारला ताशी 100 किलोमीटरची परवानगी आहे. म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. गाडी 85 मीटरवर असताना आवाज कानावर पडला, तर ती तीन सेकंदांत तुमच्यापाशी असते. दोन पदर आणि कडेची पट्टी धरून एका बाजूचा रस्ता नऊ मीटर, आणि माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालतो. ओलांडायला सात सेकंद लागतात. डोक्यावर गाठोडं, उन्हासाठी कानावरून गुंडाळलेला दुपट्टा आणि सोबत एखादं लेकरू असेल तर आणखी जास्त. कानावर विसंबून निघालेला माणूस रस्त्याच्या मध्यावरही पोहोचलेला नसतो.

वाऱ्याचाही यात हात आहे. जमिनीलगत वारा अडतो, वर मोकळा वाहतो. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेनं जाणारा आवाज खाली वळतो आणि वाऱ्याच्या तोंडावर जाणारा आवाज वर उचलला जातो. उन्हाळ्यात दुपारचा वारा पश्चिमेकडून सुटतो आणि हा रस्ता साधारण पूर्व-पश्चिम आहे: पश्चिमेला अकोला, पूर्वेला बडनेरा. अकोल्याकडून येणाऱ्या गाडीचा आवाज वारा पुढं ढकलतो, बडनेऱ्याकडून येणारीचा मागं आणि वर लोटतो. उन्हाची सावली आणि वाऱ्याची सावली एकावर एक पडतात. मे महिन्याच्या दुपारी बडनेऱ्याकडून येणारी गाडी "एकदम आंगावर" येते, ती यामुळे.

हा शोध समुद्रकिनारी लागला. 1873 मध्ये इंग्लंडच्या डोव्हरजवळ साऊथ फोरलंडला जॉन टिंडल हा शास्त्रज्ञ जहाजांना इशारा देणारे भोंगे आणि तोफा तपासत होता. धुक्यात आवाज मंदावत असेल असा सगळ्यांचा समज होता. निघालं भलतंच: धुक्यात आवाज चांगला पोहोचायचा आणि काही स्वच्छ, उन्हाच्या दिवशी दोन-तीन मैलांतच विरून जायचा. टिंडलनं त्याचा ठपका हवेतल्या अदृश्य ढगांवर ठेवला. वाऱ्यामुळे आवाज वळतो हे जॉर्ज स्टोक्स या दुसऱ्या शास्त्रज्ञानं 1857 मध्येच मांडलं होतं, आणि तापमानामुळेही तो उचलला जातो हे 1874 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं दाखवून दिलं. इशाऱ्याचा आवाज नेमका लख्ख उन्हातच दगा देतो, हे जहाजवाल्यांना तेव्हा कळलं. आपल्या फाट्यांवर मात्र अजूनही "हॉर्न वाजवा" एवढ्यावर भिस्त आहे.

आता रात्र. पावसाळा संपला, आभाळ निवळलं, की काळी जमीन सूर्य बुडताच आपली उष्णता आकाशाकडे सोडायला लागते आणि भराभर निवते. तिला लागून असलेली हवाही निवते, वरची मात्र अजून कोमट असते. रोजचा क्रम उलटतो. याची खूण नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोणत्याही सांजेला गावात दिसते: चुलीचा धूर वर चढत नाही, टिनपत्र्यांच्या उंचीवर आडवा पसरून राहतो. असा धूर दिसला की आज रात्री हायवे ऐकू येणार हे पक्कं धरा. कारण थंड हवा आता खाली आहे. आवाज वर निघाला तरी वळून परत जमिनीवर येतो. दर मीटरला 0.1 अंशाचा फरक धरला तर वर्तुळाची त्रिज्या साडेपाच किलोमीटरच्या आसपास येते, आणि 50 मीटर उंच चढलेला आवाज सुमारे दीड किलोमीटरवर खाली उतरतो. वाटेतलं पिंपळाचं झाड, शाळेची भिंत, कापसाचं जिनिंग, सगळ्यांच्या वरून तो उडी मारून येतो.

आकड्यांत सांगायचं तर, वेगानं जाणाऱ्या भरलेल्या ट्रकचा आवाज 15 मीटरवर ढोबळमानानं 85 डेसिबल असतो. एकट्या ट्रकचा आवाज अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबलनं उतरतो, म्हणून किलोमीटरभरावर 49 च्या आसपास राहायला हवा. दिवसा सावली त्यातून आणखी 15-20 खाऊन टाकते. रात्री ती वजाबाकी होतच नाही. ध्वनी प्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत वस्तीसाठी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेची मर्यादा 45 डेसिबल आहे. ती सरासरीची मर्यादा आहे, एका ट्रकची नव्हे, पण ट्रक एक नसतो.

यावर उपाय म्हणून रस्त्याकडेला झाडांची ओळ लावा, आवाज बंद होईल, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. झाडं जरूर लावावीत, सावलीसाठी आणि पाखरांसाठी. आवाज जाणवण्याइतका अडवायला मात्र झाडांची एखादी ओळ नव्हे, दहा-वीस मीटरांहूनही बराच रुंद, जमिनीपासून शेंड्यापर्यंत गच्च पट्टा लागतो. शिवाय रात्रीचा आवाज वरून येतो हे आपण पाहिलंच. दुसरी भूल इलेक्ट्रिक गाड्यांची. त्या आल्या की रस्ते मुके होतील असं बोललं जातं. गल्लीत ते खरं आहे. हायवेवर नाही, कारण ताशी 50 किलोमीटरच्या वर कारच्या आवाजात इंजिनापेक्षा टायरचा वाटा मोठा असतो. इलेक्ट्रिक गाडीनं मुद्दाम आवाज करावा असा जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, तोही ताशी 20 किलोमीटरपर्यंतच लागू होतो, कारण पुढे टायर स्वतःच बोलायला लागतो.

आणि ज्या फाट्यावर पुन्हा पुन्हा अपघात होतात, तिथं नारळ फोडणं, लिंबू-मिरची टांगणं, "जागा खराब आहे" म्हणणं. समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ 1 जुलै 2023 च्या पहाटे बस पेटून 25 माणसं गेली, त्यानंतर मंत्रजपानं तिथले अपघात थांबवण्याचे प्रयत्न झाल्याची बातमी आपण वाचली. मला याची मनापासून चीड येते. माणसं जातात ती वेगानं, झोपेनं, अंधारानं, दुभाजकात नको तिथं ठेवलेल्या फटीनं. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली आणि त्यातली 70 टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या नोंदीखाली होती. जागा खराब असते, पण तिची खराबी टेप घेऊन मोजता येते.

गावाची मागणी बहुतेक वेळा रम्बलरची असते, रस्त्यावरच्या त्या जाड पांढऱ्या पट्ट्यांची. त्या लागतात, गाड्या थोड्या हळू होतात, आणि महिन्याभरात त्याच गावातून पट्ट्या काढा असा अर्ज जातो. दोष गावाचा नाही. रिकामी ट्रॉली त्या पट्ट्यांवरून गेली की फाळका, साखळ्या, हूक सगळं एकदम खडखडतं. पट्ट्या अर्ध्या मीटरवर असतील आणि गाडी ताशी 60 नं जात असेल, तर सेकंदाला 33 ठोके बसतात. इतका खर्जातला आवाज हवा जवळजवळ शोषतच नाही. हिवाळ्याच्या रात्री तो शिवारभर फिरतो. म्हणून पट्ट्या वस्तीसमोर न टाकता वस्तीच्या बऱ्याच आधी, दोन्ही बाजूंना टाकायला हव्यात, आणि गावासमोर वेगाची खरी मर्यादा हवी, कॅमेऱ्यासकट. ताशी 80 चे 50 केले तर टायरचा आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो. थांबायचं अंतरही झपाट्यानं कमी होतं. ड्रायव्हरला भानावर यायला दीड सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर बरा ब्रेक धरला, तर 80 ला कार थांबायला 74 मीटर लागतात, 50 ला 37. भरलेल्या ट्रकला दोन्ही वेळा जास्त.

राहिला अर्जाचा विषय. आवाजाची तक्रार केली की माणूस मीटर घेऊन येतो, पण येतो सकाळी अकराला, ऊन चढल्यावर. आकडा मर्यादेत भरतो आणि फाईल बंद होते. मीटर खोटं बोलत नाही, वेळ चुकीची असते. म्हणून ग्रामपंचायतीनं अर्जातच लिहावं: मोजणी नोव्हेंबर ते जानेवारीत, निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री, 10 ते 6 पूर्ण वेळ, वस्तीतल्या शेवटच्या घराच्या अंगणात व्हावी. वाऱ्याची दिशा आणि तापमानही त्याच कागदावर नोंदवावं, शक्य असेल तर जमिनीलगतचं एक आणि पाण्याच्या टाकीवरचं एक. टाकीवरचं तापमान जास्त भरलं, तर त्या रात्रीचा आकडा गावाच्या झोपेचा खरा आकडा आहे.