गेस्टचे घड्याळ मागे का पडत असे

नागपुरात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून १४ मिनिटे झालेली असतात, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि हे शहर त्याच्या सुमारे साडेतीन अंश पश्चिमेला आहे. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ सुरू झाल्यापासून बाहेरून वेळ घ्यायची सवय माणसांना हळूहळू लागली. व्हर्च्युअल मशिनना, म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने चालवलेल्या आभासी संगणकांना, ती लागायला बऱ्याच ठेचा खाव्या लागल्या.

याचे मूळ पर्सनल कॉम्प्युटरच्या रचनेत आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत वेळेसाठी इंटेलची ८२५३ ही टायमर चिप होती. तिची गती सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके अशी चमत्कारिक आहे, कारण अमेरिकी रंगीत टीव्हीच्या हिशेबातले १४.३१८१८ मेगाहर्ट्झचे स्फटिक वापरून, त्याला १२ ने भागून ती चालवली गेली. ही चिप सेकंदाला सुमारे १८.२ वेळा प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हातचे काम थांबवायला लावणारा इशारा, देई आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे इशारे, म्हणजेच टिक, मोजून वेळ पुढे सरकवी. १९८४ च्या पीसी/एटीत बॅटरीवर चालणारे घड्याळ आले खरे, पण ते मशिन सुरू होताना एकदा वाचायचे आणि पुढे टिकच मोजायचे, हीच पद्धत रूढ राहिली. चालू संगणक वेळ पाहत नव्हता, तो तिचा हिशेब ठेवत होता. आणि या हिशेबामागे प्रत्येक टिक वेळच्या वेळी पोहोचेल असे गृहीत धरलेले होते.

१९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन आले आणि साध्या पीसीवर एकाच्या पोटात दुसरा संगणक चालू लागला, तेव्हा हे गृहीतक मोडले. होस्ट, म्हणजे खरा संगणक, गेस्टला, म्हणजे त्याच्या पोटातल्या संगणकाला, प्रोसेसर तुकड्यातुकड्यांनी देतो, आणि गेस्टची पाळी नसताना त्याला इंटरप्ट पोहोचवता येत नाही. घंटेचे टोल मोजून वेळ सांगणाऱ्या माणसाला मध्येच डुलकी लागावी, तसे हे होते. त्यात डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्स २.६ या ऑपरेटिंग सिस्टिमने पीसीवरील टिकची संख्या सेकंदाला १०० वरून १००० वर नेली. एका मशिनला ती सोसत असे, पण दहा गेस्ट असलेल्या होस्टला नुसती वेळ चालू ठेवण्यासाठी सेकंदाला दहा हजार इंटरप्ट पुरवावे लागत. २००५ मध्ये २.६.१३ या आवृत्तीत हा आकडा निवडता येऊ लागला आणि मूळ निवड २५० वर आली. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीने तर टिकची संख्या दहाने भागणारा डिव्हायडर हा पर्याय कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिला.

चुकलेले टिक भरून काढण्याच्या उपायानेही नवा घोळ घातला. हायपरवायझर, म्हणजे होस्टवर गेस्ट चालवणारे सॉफ्टवेअर, राहिलेले टिक साठवून ठेवी आणि गेस्टची पाळी आली की ते भराभर देऊन थकबाकी फेडी. पण काही लिनक्स कर्नल स्वतःही चुकलेले टिक ओळखून वेळ पुढे ढकलत. एकच थकबाकी दोनदा फेडली जाई आणि मागे पडणारे घड्याळ एकदम पुढे पळू लागे. त्या काळी नागपुरातील एका कार्यालयात मी सर्व्हर सांभाळत असे. रात्रीच्या बॅकअपच्या वेळी होस्टवर ताण आला की सकाळी एक गेस्ट पाच मिनिटांहून अधिक मागे असे, आणि लॉगिन तपासणाऱ्या केर्बेरॉस या प्रणालीत घड्याळांमधल्या फरकाची सर्वसाधारण मर्यादाच पाच मिनिटांची असल्याने लॉगिन नाकारले जाई. लोक पासवर्ड बदलून बघत.

हे दुखणे व्हर्च्युअलायझेशनचेच होते असे मात्र नाही. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या १९७२ मधील व्हीएम/३७० ला ते या रूपात भोगावे लागले नाही, कारण सिस्टिम/३७० या त्या संगणकांमध्ये १९०० पासूनची वेळ धरणारे ६४ बिटांचे घड्याळ रचनेतच होते आणि ते वाचण्याच्या सूचनेला विशेषाधिकार लागत नसे, म्हणजे गेस्टही ते थेट वाचू शके. टिक मोजण्याची सवय पीसीची होती.

पीसीला तसा गणक मिळाला तो १९९३ च्या पेंटियममध्ये. टाइम स्टॅम्प काउंटर, म्हणजे टीएससी, एका सूचनेत वाचता येई. पण तो प्रोसेसरची आवर्तने मोजत असल्याने पुढे वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर मंदावला की तोही मंदावे, आणि वेगवेगळ्या कोअरवरचे गणक जुळत नसत. २००७-०८ च्या सुमारास स्थिर गतीचा टीएससी आल्यावर त्यावर भिस्त ठेवता येऊ लागली.

तोवर दुसरी वाट सापडली होती. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून आलेल्या झेन या हायपरवायझरने, गेस्ट आपण गेस्ट आहोत हे जाणतो असे मानले आणि त्याच्यासोबत मेमरीचे एक पान वाटून घेतले. त्यात होस्ट अमुक टीएससीला अमुक वेळ होती असे लिहितो आणि गतीचा गुणक देतो. गेस्टने आताचा टीएससी वाचून फरक मिळवायचा. यात टिक चुकला तरी काही बिघडत नाही. लिनक्समधल्या केव्हीएम या हायपरवायझरसाठी २००८ मध्ये आलेले केव्हीएम-क्लॉक याच धर्तीचे आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचे टीएससी पानही.

मग डेव्हिड मिल्स यांच्या १९८५ पासूनच्या एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीने, हे काम का भागले नाही? एनटीपी घड्याळाची गती सेकंदाला ५०० मायक्रोसेकंदांपर्यंतच, म्हणजे दिवसाला ४३.२ सेकंद, हळूहळू सुधारते. स्फटिकाच्या संथ, नियमित चुकीसाठी ते पुरेसे आहे. ताणानुसार हिसके देणाऱ्या घड्याळापुढे मात्र त्याचा अंदाजच कोलमडतो. शिवाय स्नॅपशॉटवरून, म्हणजे आधी जतन केलेल्या स्थितीवरून, पूर्ववत केलेला गेस्ट काही तास मागची वेळ धरून उठू शकतो. म्हणून २०१७ च्या लिनक्स ४.११ मध्ये केव्हीएमच्या गेस्टला होस्टचे घड्याळ पीटीपी उपकरणासारखे, म्हणजे अचूक वेळ देणाऱ्या घड्याळासारखे, दिसू लागले, आणि घड्याळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्राम त्यावरून वेळ जुळवू शकतो.

होस्टने वेळ कोठून घ्यावी, याचे उत्तर भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत आहे. एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा एनटीपी सर्व्हर, किंवा त्यांच्याशी माग जुळणारा अन्य सर्व्हर वापरून सर्व प्रणालींची घड्याळे जुळवावीत, असे ते सांगतात. सर्व प्रणालींमध्ये गेस्टही आले.