कुठली बाजू कुठली, हे पेशीला कळतं कसं?

मागच्या आठवड्यात ओळखीच्या एका ताईंनी एक जाहिरात पाठवली. त्यांच्या मुलाला डुशेन स्नायुक्षय आहे. ‘या आजारात स्नायूंच्या मूळपेशी (स्टेम सेल) संपतात, त्या बाहेरून टोचल्या की मूल पुन्हा चालेल’ असा दावा, आणि लाखांचं पॅकेज. वाचून संताप आला. पण दाव्याचा पहिला अर्धा भाग बरीच वर्षं संशोधकांनाही पटत होता, हेही खरं.

साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो. चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत वर येतो. पोटऱ्या भरलेल्या दिसतात, त्यामुळे ‘आळशी आहे’ म्हणून विषय संपतो. मूळ बिघाड डिस्ट्रॉफिन या प्रथिनाच्या जनुकात असतो. ते एक्स गुणसूत्रावर असल्याने झळ मुख्यतः मुलग्यांना बसते. आईने ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून नव्हे! आयांना हे अजूनही ऐकवलं जातं. सुमारे एक तृतीयांश मुलांत तर हा बिघाड नव्यानेच उद्भवलेला असतो.

१९८७ मध्ये बोस्टनला लुई कुंकेल यांच्या गटाने हे प्रथिन ओळखलं. स्नायुतंतूच्या आवरणाला ते आतून आधार देतं; ते नसलं की आकुंचनाच्या ताणाने आवरण फाटत राहतं. पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथे थांबते.

फाटलेल्या तंतूची डागडुजी करणाऱ्या पेशी अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कला बेडकाच्या स्नायूत पाहिल्या. तंतू आणि त्यावरचं पातळ वेष्टन यांच्यामधल्या फटीत त्या चिकटून बसलेल्या असतात, म्हणून नाव पडलं सॅटेलाइट पेशी. याच स्नायूंच्या मूळपेशी. एरवी निजलेल्या, इजा झाली की जाग्या. अशी पेशी दुभंगते तेव्हा तिच्या दोन लेकींनी दोन वाटा धरायला हव्यात: एकीने वेष्टनाला धरून मूळपेशीच राहायचं, दुसरीने तंतूकडे वळून स्नायू घडवायचा. दोघी राहिल्या तर दुरुस्ती होत नाही. दोघी गेल्या तर पुढच्या वेळेला कोणी उरत नाही.

पण पेशीला आपली तंतूकडची बाजू ओळखू कशी येते? ओटावाच्या मायकेल रुडनिकी यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये दाखवलं की इथेही डिस्ट्रॉफिनच लागतं. जाग्या झालेल्या पेशीत ते एका कडेला गोळा होतं आणि मार्क२ नावाच्या प्रथिनाला तिथे धरून ठेवतं. मार्क२ हे पार्ड३ या दुसऱ्या प्रथिनाला आपल्या जवळ टिकू देत नाही, म्हणून पार्ड३ समोरच्या कडेला सरकतं. झाली पेशीला दोन टोकं! गुणसूत्रं ओढणारी तर्कू या टोकांच्या रेषेत उभी राहते, पेशी मधोमध आडवी विभागते आणि पार्ड३ एकाच लेकीच्या वाट्याला येतं. तीच स्नायू व्हायला निघते. डिस्ट्रॉफिन नसलेल्या उंदरांत मार्क२ घटलेलं, पार्ड३ इकडेतिकडे विखुरलेलं आणि असमान विभाजनं कमी झालेली आढळली. मूळपेशी मात्र, जाहिरातीत म्हटलं तशा, कमी नव्हत्या, उलट जास्तच होत्या.

मला याहून भुरळ पडते ती मार्क२-पार्ड३ या जोडीच्या कुळाची. १९८८ मध्ये केनेथ केम्फ्यूस आणि सहकाऱ्यांनी जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीत ‘पार’ जनुकं शोधली. या कृमीच्या फलित अंड्याचं पहिलंच विभाजन असमान असतं: पुढची पेशी मोठी, मागची लहान. पार-३ पुढे, पार-१ मागे, आणि दोघं एकमेकांना हटवत राहतात. मार्क२ आणि पार्ड३ ही त्यांचीच भावंडं. भ्रूणाचं पुढचं-मागचं ठरवणारी ती व्यवस्था आपल्या मांडीच्या स्नायूतही राबते आहे.

अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेल्या जनुकोपचारात विषाणूच्या पाठीवर डिस्ट्रॉफिनची छाटलेली प्रत पाठवतात, कारण पूर्ण जनुक त्यात मावत नाही. मार्क२ जिथे बसतं तो मधला तुकडा नेमका या छाटणीत जातो. उलट २०१९ मध्ये रुडनिकी यांच्याच गटाने ईजीएफ या वाढघटकाच्या मदतीने, डिस्ट्रॉफिनला वळसा घालून, आजारी उंदरांत असमान विभाजनं वाढवून दाखवली. स्नायूंची ताकदही वाढली.

ताईंना मी एवढंच कळवलं: आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारावर मूळपेशी देणं हा मान्य उपचार नाही, संशोधनाच्या चाचणीबाहेर तो देऊन पैसे घेणं तर मान्य नाहीच. स्टेरॉइडच्या गोळ्या, फिजिओथेरपी आणि हृदयाची तपासणी मात्र चुकवू नका.